तिकीट अर्धे, फेरी रद्द

एसटीच्या सवलतींनी प्रवास स्वस्त झाला. आता गाडी येण्याची हमी कोण देणार?

१७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीच्या गाडीत बाईचे तिकीट निम्मे झाले. लालपरी, निमआराम, शिवशाही, शिवनेरी असा भेद ठेवलेला नाही. गाडी एसटीची असावी आणि प्रवास राज्याच्या हद्दीतला असावा, एवढीच अट. अर्थसंकल्पात घोषणा झाली ९ मार्चला आणि आठ दिवसांत वाहकाच्या यंत्रातून अर्ध्या रकमेचे तिकीट बाहेर पडू लागले. सरकारी निर्णय इतक्या लवकर खेड्यातल्या माणसाच्या हातात पडल्याची उदाहरणे फार नाहीत.

त्याआधी सात महिने, २६ ऑगस्ट २०२२ ला, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास मोफत झाला होता. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट होतेच. या दोन निर्णयांनी एसटीतली गर्दी बदलली. माहेरचा कार्यक्रम, तालुक्याच्या दवाखान्यातली फेरतपासणी, बँकेतले केवायसी, लेकीच्या वसतिगृहाची चौकशी, पंढरपूरची एकादशी ही सगळी कामे घरखर्चाच्या यादीत शेवटी असायची आणि पैसे उरले तर व्हायची. ती आता होऊ लागली. घरातल्या पुरुषाकडे भाड्याचे पैसे न मागता बाई गावाबाहेर जाऊन येऊ लागली. या बदलाचे मोल रुपयांत काढता येत नाही आणि ते कमी लेखण्याचा माझा अजिबात विचार नाही.

याच काळात गाड्यांचे काय झाले, ते मात्र शेजारी मांडून पाहायला हवे. महासाथीच्या आधी एसटीकडे १८ हजारांहून अधिक गाड्या होत्या आणि रोज ६५ लाखांच्या आसपास लोक त्यांतून प्रवास करत. २०२५ मध्ये गाड्या १५ हजारांच्या घरात होत्या आणि प्रवासी ५५ लाखांच्या आसपास. म्हणजे तिकीट स्वस्त झाले, मागणी वाढली आणि तरीही रोजचे प्रवासी पूर्वीएवढे नाहीत, कारण त्यांना न्यायला गाड्याच तेवढ्या नाहीत. रेशनकार्ड हातात असावे आणि दुकानात धान्य नसावे, तशी ही स्थिती आहे. सवलतीचे धोरण सरकारने झपाट्याने राबवले. गाडीचे धोरण वर्षानुवर्षे रेंगाळले. या लेखाचा विषय त्या दोहोंमधले अंतर आणि त्या अंतरात थांब्यावर उभा राहिलेला माणूस हा आहे.

राज्याने दिलेला शब्द

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. त्याआधी प्रवासी वाहतूक खासगी मालकांच्या हातात होती. गाडी भरेपर्यंत ती सुटत नसे, पैसे मिळतील त्या रस्त्यावरच ती धावत असे, आणि आडवाटेच्या गावाला बैलगाडी किंवा पायपीट हेच साधन होते. तेव्हाच्या मुंबई सरकारने ही वाहतूक आपल्या हाती घेतली. १९५० मध्ये संसदेने मार्ग परिवहन महामंडळ कायदा केला आणि राज्यांच्या बससेवेला कायदेशीर चौकट मिळाली.

या कायद्यातली दोन कलमे आजही वाचण्यासारखी आहेत. कलम १८ महामंडळावर कर्तव्य टाकते : लोकांना पुरेशी, कार्यक्षम, किफायतशीर आणि सुसूत्र वाहतूक सेवा द्या. कलम २२ सांगते की महामंडळाने आपला कारभार व्यावसायिक तत्त्वांवर चालवावा. लोकांची सोय आणि धंद्याचा हिशेब ही दोन्ही ओझी कायद्याने एकाच खांद्यावर ठेवली. ती पेलता यावीत म्हणून राज्याने एसटीला टप्पा वाहतुकीचा एकाधिकार दिला. म्हणजे वाटेत थांबे घेत, प्रत्येक प्रवाशाला स्वतंत्र तिकीट देत वाहतूक करण्याचा अधिकार एसटीचा. खासगी गाडीला परवाना कंत्राटी वाहतुकीचा, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी ठरलेली मंडळी नेण्याचा.

या व्यवस्थेत एक साधा न्याय होता. मोठ्या शहरांना जोडणाऱ्या भरगच्च मार्गांवर जे मिळेल, त्यातून जव्हार, अक्कलकुवा, भामरागडच्या रिकाम्या फेऱ्यांचा तोटा भरून काढायचा. ‘रस्ता तेथे एसटी’ हे ब्रीद या हिशेबावर उभे होते. खेड्यातून शिकायला बाहेर पडलेली एक अख्खी पिढी या गाडीने शाळा-कॉलेजात पोचवली. तालुक्याला खोली घेऊन राहणाऱ्या पोरांचा डबा आई सकाळच्या गाडीत वाहकाच्या ओळखीवर ठेवायची आणि तो वेळेत पोचायचा. वर्तमानपत्रांचे गठ्ठे, रोपांच्या पेंढ्या, पाहुण्यांचे निरोप याच गाडीने गेले.

पुढे महामार्ग रुंद झाले आणि खासगी ट्रॅव्हल्स वाढल्या. कागदावर कंत्राटी परवाना, प्रत्यक्षात एकेका सीटची विक्री, आधी रस्त्याकडेच्या टपरीवर आणि मग मोबाइलवर. कमाईचे मार्ग एसटीच्या हातून असे निसटत गेले आणि तोट्याचे मार्ग तिच्याकडेच राहिले. एकाधिकार कायद्यात उरला, त्यातून येणारा पैसा उरला नाही. आडवाटेच्या फेरीचा खर्च मग कोणी सोसायचा, हा प्रश्न तेव्हाच धोरण म्हणून सोडवायला हवा होता. तो कोणीच हाती घेतला नाही. ज्या फेरीला पैसा नव्हता, ती फेरी हळूहळू बंद होत गेली.

फेरी रद्द कशी होते

आगारात रोज पहाटे एक हिशेब होतो. वेळापत्रकाप्रमाणे फेऱ्या इतक्या. हातात गाड्या इतक्या. त्यांतल्या काही कार्यशाळेत, काही आदल्या रात्री वाटेत बंद पडलेल्या. चालक काही रजेवर, काही सलग ड्युटी करून थकलेले. उरलेल्या गाड्या कोणत्या फेरीला द्यायच्या, हे ठरवणारा अधिकारी दुष्ट नसतो. त्याच्यासमोर प्रति किलोमीटर उत्पन्नाचा तक्ता असतो आणि वरून विचारणाही त्याचीच होते.

लांब पल्ल्याच्या गाडीत आरक्षण झालेले असते. ती रद्द केली तर पैसे परत द्यावे लागतात आणि तक्रार होते. म्हणून पहिली गाडी तिकडे जाते. मग जिल्ह्याच्या ठिकाणी जाणाऱ्या फेऱ्या. सगळ्यांत शेवटी उरते ती वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या गावाला जाणारी साधी गाडी. ती रद्द झाली, तर चौकशी खिडकीवर दोन शब्द ऐकायला मिळतात : फेरी रद्द. गावातल्या थांब्यावर तेही कळत नाही. तिथे माणसे वाट पाहतात आणि मग आपापली निघून जातात.

धोरणाच्या दृष्टीने खरी गोम इथे आहे. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे तिकीट नसते, त्यामुळे त्याचे नुकसान कुठल्याच वहीत चढत नाही. गाडीत बसलेल्या प्रत्येक प्रवाशाची नोंद यंत्रात होते, सवलतीची रक्कम रुपया-पैशात निघते आणि तिची प्रतिपूर्ती सरकार महामंडळाला देते. गाडी न आल्यामुळे ज्याचा दिवस बुडाला, त्याची नोंद ठेवणारे यंत्र नाही. अशा फेऱ्या वारंवार बुडाल्या की लोक त्या गाडीचा भरवसा धरणे सोडतात. भरवसा गेला की गाडी आली तरी तिच्यात माणसे नसतात. मग भारमान कमी असल्याचा शेरा पडतो आणि फेरी कायमची बंद होते. गावाने गाडी सोडली, असे कागद सांगतो. प्रत्यक्षात गाडीने गाव आधी सोडलेले असते.

यात हंगामाची भर पडते. आषाढीला पंढरपूरसाठी ५ हजारांहून अधिक जादा गाड्या सुटतात. गणपतीला कोकणात जाण्यासाठी मुंबई-ठाण्यातून तितक्याच मोठ्या संख्येने गाड्या लागतात. वारकरी आणि चाकरमानी यांची सोय व्हायलाच हवी, त्यावर दुमत नाही. पण या जादा गाड्या म्हणजे शिल्लक ठेवलेल्या वेगळ्या गाड्या नसतात. राज्यभरच्या आगारांतून त्या काढल्या जातात आणि त्या दिवसांत त्या आगारांतल्या नेहमीच्या फेऱ्या बंद पडतात. आषाढी येते शाळा-कॉलेजे सुरू झाल्यावर लगेच, आणि गणपती येतात चाचणी परीक्षांच्या दिवसांत.

थांब्यावर कोण उभे असते

ऑक्टोबर २०१५ मध्ये, मराठवाड्याच्या दुष्काळात, लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या, कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने आत्महत्या केली. एसटीच्या पासाला पैसे नव्हते. तिच्या मृत्यूनंतर परिवहन खात्याने दुष्काळी भागातल्या विद्यार्थ्यांसाठी मोफत पासाची योजना आणली. बसचे भाडे ही किती मोठी रक्कम असू शकते, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने ही एक घटना लक्षात ठेवावी. सवलती ही चैन असल्याचे मत शहरात बसून ऐकू येते, तेव्हा मला ती मुलगी आठवते.

मुलींसाठी राज्याने पुष्कळ केले, हे मान्य करायला हवे. अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेत जायला मोफत पास आहे. इतर विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सूट आहे. २०२४ पासून पास थेट शाळेत जाऊन देण्याची मोहीम सुरू झाली आणि आगाराच्या खिडकीपुढची जूनमधली रांग टळली. पण पास दप्तरात असून सकाळची गाडी आली नाही, तर मुलगी शाळेत जात नाही. संध्याकाळची शेवटची फेरी बुडाली, तर परिणाम आणखी वाईट होतो. दोनदा-तीनदा मुलगी अंधारात जीपला लोंबकळत घरी आली की घरातले शाळा थांबवण्याचा विचार करू लागतात. मुलग्याला जुनी मोटारसायकल मिळते, मुलीला बहुधा लग्नाचे स्थळ.

याला उत्तर काय, हेही याच राज्याने शोधून ठेवले आहे. मानव विकास कार्यक्रमात मागास ठरलेल्या १२५ तालुक्यांत मुलींना शाळेत नेण्या-आणण्यासाठी निळ्या रंगाच्या गाड्या देण्यात आल्या. तिथे सरकारने पासाबरोबर गाडीचाही खर्च उचलला आणि शाळेची वेळ हेच त्या गाडीचे वेळापत्रक ठरले. ज्या गावांत ही गाडी नियमाने जाते, तिथे मुलींना आठवीनंतरचे शिक्षण गावाबाहेर घेता येते. गाड्यांची टंचाई झाली की निळी गाडीही दुसऱ्या फेरीला वळवली जाते, अशा तक्रारी अनेक ठिकाणांहून येतात. तरीही तत्त्व सिद्ध झाले आहे. धोरणाने तिकिटाऐवजी गाडीची जबाबदारी घेतली की परिणाम थेट वर्गातल्या बाकावर दिसतो.

थांब्यावर रुग्णही असतात. डायलिसिस, सिकलसेल, हिमोफिलियाच्या रुग्णांना एसटीत सवलत आहे. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीन वेळा करावेच लागते. ते गाडीच्या सोयीने पुढे ढकलता येत नाही. आठवडी बाजाराला भाजीची पाटी घेऊन निघालेली बाई असते. तिचा माल दुपारपर्यंत सुकतो. कापूस वेचायला, द्राक्षाच्या बागेत, शहरात धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायका असतात. त्यांचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली.

गाडी चुकली की पश्चिम महाराष्ट्रात वडाप, मराठवाडा-विदर्भात काळी-पिवळी आणि टमटम. ही वाहने नसती तर अनेक गावांचे दळणवळण थांबलेच असते, त्यामुळे त्या चालकांना खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. पण तिथे अर्धे तिकीट नाही, पास नाही, ठरलेली वेळ नाही आणि अपघात झाला तर भरपाईची खात्री नाही. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर एसटीच्या साध्या गाडीचे भाडे ६ किलोमीटरच्या टप्प्याला १० रुपये ५ पैसे झाले. चोवीस किलोमीटरवरच्या तालुक्याला जायला म्हणजे सुमारे ४० रुपये, बाईला २०. फेरी रद्द झाली की हीच बाई जीपला पूर्ण भाडे देते, तेही दोन्ही वेळा. सरकारने दिलेली सवलत तिच्यापर्यंत पोचतच नाही, कारण ती गाडीच्या पायरीशी सुरू होते.

मुक्कामी गाडी हा तर खेड्याचा आधार होता. रात्री गावात येऊन थांबणारी आणि पहाटे तिथूनच सुटणारी गाडी. चालक-वाहक देवळात, शाळेच्या ओट्यावर किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपत. त्या एका गाडीमुळे तालुक्याला नोकरी करून गावात राहणे शक्य होई. रात्री कोणाला अचानक दवाखान्यात हलवावे लागले, तर गावात एक मोठे वाहन आणि एक जाणता चालक हजर असे. अशा मुक्कामी फेऱ्या एकेक करून कमी झाल्या. कुठे रस्ता खराब, कुठे कर्मचाऱ्यांच्या झोपण्याची सोय नाही, कुठे गाडीच नाही. गावात राहून शहरात शिकणे किंवा कमावणे ज्यांना त्यामुळे अशक्य झाले, ती कुटुंबे शहराच्या कडेला भाड्याच्या खोलीत गेली.

गाडी चालवणारे

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीला एसटी कर्मचाऱ्यांनी काम थांबवले. मागणी होती महामंडळाच्या राज्य शासनात विलीनीकरणाची. महासाथीत पगार थकले होते, काही कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या होत्या आणि वर्षानुवर्षांची चीड साठली होती. दिवाळी उलटली, नवे वर्ष उजाडले, दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या, संप सुरूच राहिला. अखेर उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर परतण्याची मुदत दिली आणि गाड्या पुन्हा रस्त्यावर आल्या. विलीनीकरण झाले नाही. साडेपाच महिने राज्याची ग्रामीण वाहतूक बहुतांशी बंद होती आणि या काळात ज्यांनी मोटारसायकल घेतली, जीप ठरवली किंवा शाळा सोडली, ते सगळे परत आले नाहीत.

याच कर्मचाऱ्यांनी २०२० च्या टाळेबंदीत परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेवर पोचवले होते. कोटा येथे अडकलेल्या विद्यार्थ्यांना आणायला धुळ्याहून ७० गाड्या गेल्या होत्या. मुंबईत लोकल बंद असताना राज्यभरचे चालक-वाहक तिथे जाऊन सेवा देत होते. आपत्ती आली की राज्याला एसटी आपली वाटते. आपत्ती सरली की ती स्वायत्त महामंडळ होते आणि पगाराचा प्रश्न तिचा तिने सोडवायचा असतो. या दुटप्पीपणाने संप घडवला, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न गाडी आणि ती चालवणाऱ्यांपाशी संपत नाही, तो स्थानकाचाही आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या शिवशाहीत एका तरुणीवर अत्याचार झाला. पहाटे गावी जायला निघालेली मुलगी, गजबजलेल्या शहरातले मोठे स्थानक. त्यानंतर सुरक्षा तपासण्याचे आदेश निघाले, पडून असलेल्या जुन्या गाड्या हटवण्याची चर्चा झाली. अर्ध्या तिकिटाने बाईला घराबाहेर काढले, हे खरे असेल तर ती जिथे गाडीची वाट पाहते त्या जागेवर दिवा, पाणी, वापरण्याजोगे स्वच्छतागृह आणि जागता रखवालदार देणे हा त्याच निर्णयाचा उरलेला भाग आहे.

पैसा कुठे आहे

जून २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी एसटीच्या आर्थिक स्थितीची श्वेतपत्रिका मांडली. संचित तोटा १० हजार ३२२ कोटी रुपये. आकडा मोठा आहे आणि तो सांगितला की पुढचे बोलणे थांबते. म्हणून त्याच्या शेजारी आणखी काही गोष्टी ठेवाव्या लागतील.

पहिली, प्रवासी कर. १९५८ च्या कायद्यानुसार एसटीच्या भाड्यावर राज्य सरकार कर घेते आणि वर्षानुवर्षे त्याचा दर साडेसतरा टक्के राहिला आहे. देशातल्या सर्वांत जड प्रवासी करांपैकी हा एक. म्हणजे एका हाताने सरकार सवलतीची प्रतिपूर्ती देते आणि दुसऱ्या हाताने त्याच भाड्यावर कर घेते.

दुसरी, रस्त्यांवरचा खर्च. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला. त्यावर ५५ हजार कोटींहून अधिक खर्च झाला. त्याला कोणी तोटा म्हणत नाही, गुंतवणूक म्हणतात. तो महामार्ग ज्या गावांच्या शिवारातून गेला, त्या गावांना त्यावर बसथांबा नाही. सात दशकांहून अधिक काळ राज्यभर गाड्या चालवून साठलेला एसटीचा तोटा त्या एका रस्त्याच्या खर्चाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी आहे. मोटार असलेल्यांसाठी होणारा खर्च विकास आणि मोटार नसलेल्यांसाठी होणारा खर्च तोटा, ही भाषा बदलल्याशिवाय धोरण बदलणार नाही.

तिसरी गोष्ट सवलतींबद्दलची. सवलतींमुळे एसटी बुडते, हा समज आकड्यांना धरून नाही. महिला आणि ज्येष्ठांच्या सवलती लागू असतानाच ऑगस्ट २०२४ मध्ये एसटीने नऊ वर्षांत पहिल्यांदा महिन्याचा नफा नोंदवला, १६ कोटी ८६ लाख रुपये. गाड्या भरून धावल्या आणि सवलतीची रक्कम सरकारकडून आली, तर हिशेब जुळतो. पैसे वेळेवर आले नाहीत किंवा गाडीच धावली नाही, तर तो कोसळतो.

मग गाड्या का आल्या नाहीत? महासाथीच्या आधीपासूनच खरेदी मंदावली होती. जुन्या गाड्या दुरुस्त करून चालवण्यावर भर राहिला. केंद्राच्या नियमाने १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी व महामंडळांच्या गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवणे बंद झाले. ही तूट भरायला भाडेतत्त्वाचा मार्ग धरला गेला. ५ हजार १५० विजेवरच्या गाड्यांचा करार झाला, त्या वेळापत्रकाप्रमाणे आल्या नाहीत आणि मे २०२५ मध्ये मंत्र्यांनी करार रद्द करण्याचे निर्देश दिले. १ हजार ३१० गाड्या भाड्याने घेण्याच्या निविदेला २०२५ च्या सुरुवातीला मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याला एसटीच्या स्वतःच्या कार्यशाळा आहेत. तिथे गाड्यांची बांधणी करणारे कारागीर आहेत. अशा महामंडळाने दुसऱ्याच्या गाडीची वाट पाहत वर्षे घालवली आणि त्या वर्षांची किंमत थांब्यावरच्या माणसाने दिली.

आता दरवर्षी ५ हजार याप्रमाणे पाच वर्षांत २५ हजार स्वतःच्या गाड्या घेण्याचा निर्णय झाला आहे. नव्या लालपरी काही आगारांत दिसूही लागल्या आहेत. २०२५ च्या दिवाळीसाठी जाहीर केलेली १० टक्क्यांची हंगामी भाडेवाढ अतिवृष्टीनंतर मागे घेतली गेली, तेही योग्य झाले. दिशा बरोबर आहे. पण नवी गाडी आधी कोणत्या मार्गावर जाईल, हे लिहून ठेवले नाही, तर तीही प्रति किलोमीटर उत्पन्नाच्या तक्त्याप्रमाणे लांब पल्ल्यालाच लागेल.

शेजारच्या कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत महिलांना साध्या गाड्यांतून मोफत प्रवास आहे. तामिळनाडूने २०२१ मध्ये शहरी साध्या गाड्यांत हेच केले. दोन्हीकडचा अनुभव एकच धडा देतो : सवलत जाहीर झाली की गर्दी पहिल्या आठवड्यात येते, गाडी मात्र खरेदी, बांधणी आणि भरती या वाटेने दोन वर्षांनी येते. म्हणून गाड्यांची मागणी सवलतीच्या घोषणेबरोबरच नोंदवावी लागते.

मागण्या

यातून मार्ग निघतो आणि तो अवघड नाही. प्रत्येक गावाला दिवसातून किमान किती फेऱ्या मिळतील, हे सरकारने लेखी ठरवावे. त्या फेऱ्यांचा तोटा महामंडळाच्या माथी न मारता अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद करून भरावा, जसे शाळेचे आणि दवाखान्याचे करतो. शाळेच्या वेळेची फेरी कोणत्याही कारणाने, वारी असो की गणपती, रद्द होणार नाही असा नियम करावा. जादा वाहतुकीसाठी राखीव ताफा ठेवावा. प्रवासी कर कमी करावा आणि उरलेला थेट गाड्यांच्या खरेदीत घालावा. स्थानकांच्या जागांच्या विकासातून येणारा पैसाही तिथेच जावा.

सर्वांत महत्त्वाची मागणी विनाखर्चाची आहे. प्रत्येक आगाराने रोज किती फेऱ्या ठरल्या होत्या, किती धावल्या, कोणत्या गावच्या रद्द झाल्या आणि का, हे दुसऱ्या दिवशी सकाळी फलकावर आणि मोबाइलवर जाहीर करावे. सवलत घेणाऱ्यांची संख्या मंत्री सभागृहात अभिमानाने सांगतात. त्याच सभागृहात रद्द फेऱ्यांची संख्याही दर अधिवेशनात सांगितली जावी. जे मोजले जाते, त्यासाठीच पैसा मिळतो. न आलेली गाडी मोजायला लागलो की ती आणण्याचा विचार सुरू होईल.

वाचकांना एक विनंती आहे. आपल्यातले अनेकजण एसटीनेच शिकले आणि आता मोटारीने फिरतात. आपण गाडी सोडली तेव्हा तिच्यासाठी भांडणारा आवाजही तिच्यातून उतरला. दिवाळीत गावी गेलात, तर आपल्या गावाला दिवसाला किती फेऱ्या ठरलेल्या आहेत आणि गेल्या महिन्यात त्यांतल्या किती आल्या, हे ग्रामसभेत विचारा. उत्तर नसेल, तर आगार व्यवस्थापकाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज द्या आणि मिळालेला तक्ता आमदारांसमोर ठेवा. बाईला अर्ध्या तिकिटात प्रवास करण्याचा अधिकार सरकारने दिला आहे. गाडी वेळेवर गावात येणे हा त्याच अधिकाराचा भाग आहे आणि तो मागूनच मिळवावा लागेल.